बारा म्हणजे नेमके किती?



२०२५-२६ च्या हंगामात मानवत भागातल्या एका जिनिंगच्या फाटकात मी तासभर उभा होतो. कापसाच्या गाड्यांची रांग सडकेपर्यंत आलेली. ग्रेडर एकेका गाडीवर चढे, मीटरची सुई कापसात खुपसे आणि आकडा पुकारे. एका टेम्पोला त्याने सांगितले, "तेरा. परत न्या." मालक म्हातारा माणूस, हुज्जत घालणारा नव्हे. तो एवढेच म्हणाला, "साहेब, एक डाव या अंगाला लावून बघा ना." ग्रेडरने लावले. आकडा आला ११.६. टेम्पो आत गेला.

कापूस तोच, मीटर तेच, सुई खुपसणारा हात तोच. मधे दोन मिनिटेही गेली नव्हती. पण पहिल्या आकड्याने माल परत जात होता आणि दुसऱ्याने हमीभावाला पात्र ठरत होता. म्हाताऱ्याने तोंड उघडले नसते तर? त्या दिवशी रांगेत अशा किती गाड्या असतील की ज्यांच्या मालकांनी तोंड उघडले नाही?

नंतरच्या एका बैठकीत मी हे सांगितले तेव्हा एकाने सरळ विचारले, "मग मीटर खोटं बोलतं म्हणायचं का?" मी कृषी पदवीधर. चळवळीत येण्याआधी काही वर्षे माती तपासणीच्या अहवालांशीच माझा संबंध होता. त्यामुळे या प्रश्नाचे नीट उत्तर देणे माझ्याकडे लागते.

आधी पैशाचा हिशेब करू. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सीसीआयचा नियम असा की ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण भाव. त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत जितके टक्के जास्त, तितके टक्के भावातून कटती. १२ च्या वर खरेदी नाही. म्हणजे ओलाव्याचा एक टक्का क्विंटलला ८१ रुपये १० पैसे खातो. वीस क्विंटलच्या गाडीला १,६२२ रुपये. म्हाताऱ्याच्या ११.६ ला क्विंटलमागे २९२ रुपये कटून ७,८१८ मिळणार. आणि १३ ला? तिथे हमीभावच संपला. मग भाडे भरून माल घरी न्यायचा, नाहीतर बाहेरच्या व्यापाऱ्याला द्यायचा. त्या सालात सरकारने १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले होते आणि बाहेरचा बाजार हमीभावाच्या खाली होता, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा १३ आणि ११.६ यांच्यातला फरक प्रयोगशाळेतल्या लोकांनी चर्चा करून सोडून देण्यासारखा नाही. तो आपल्या ताटातला आहे.

मीटर खोटे बोलत नाही. पण ते पाणी मोजतच नाही, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. सुयांच्या मधून वीज किती सहज जाते एवढेच ते पाहते. कापूस ओला असेल तर वीज जास्त जाते, त्यावरून ते ओलाव्याचा अंदाज बांधून आकडा दाखवते. आता वीज सहज जाण्याला पाण्याखेरीज दुसरीही कारणे असतात. कापूस दाबून भरला की सैल, उन्हात तापलेला की सकाळच्या थंडीतला, धूळ-माती किती, सुई रुईत शिरली की सरकीला टेकली, या सगळ्याने आकडा हलतो. वर गाडीतला कापूस तरी एकसारखा कुठे असतो? दव असताना पहाटे वेचलेला आणि दुपारी वेचलेला एकाच गंजीत जातो. वरचा थर रस्त्याने येताना वाळतो, मधला दमट राहतो. पाचव्या गाठोड्यात पावसात भिजलेली बोंडे असतात. एका सुईने गाडीचा ओलावा कळत नाही, सुईच्या टोकाजवळच्या मूठभर कापसाचा कळतो.

आपल्या आज्या हे जाणून होत्या. ज्वारी कणगीत भरण्याआधी त्या दाणा दाताखाली धरून बघायच्या. कट्कन फुटला तर वाळली, चेपला तर आणखी दोन उन्हे द्यायची. पण एक दाणा चावून कोणत्या आजीने कणगी भरली? ती राशीच्या मधून घ्यायची, कडेचे घ्यायची, खालून मूठ काढायची आणि मग ठरवायची. तिच्या दातांना आकडा येत नव्हता, पण एका दाण्यावर किती भरवसा ठेवायचा हे तिला ठाऊक होते.

मला ते पदवीच्या दुसऱ्या वर्षी कळले. आमच्या सरांनी एकच माती चाळून, कालवून, सगळ्या वर्गाला थोडी थोडी वाटली आणि सेंद्रिय कर्ब काढायला सांगितला. पद्धत पुस्तकातली, रसायने एकाच बाटलीतली. आकडे आले ते कोणाचे ०.३६, कोणाचे ०.४१, कोणाचे ०.४७. आम्ही एकमेकांच्या वह्या बघून आपले आकडे सारखे करायला लागलो. सरांनी ते पाहिले आणि म्हणाले, "खोडू नका. तुमच्या आकड्यांतला फरक हेच आजचं उत्तर आहे." त्या वेळी आम्हाला ते कोडे वाटले. आता लक्षात येते की ०.४० च्या आत कर्ब कमी आणि ०.४१ पासून मध्यम असे आपल्याकडचे वर्ग आहेत. म्हणजे एकाच मातीला निम्म्या वर्गाने कमी ठरवले आणि निम्म्याने मध्यम, आणि चुकले कोणीच नव्हते.

या मागेपुढे होण्याला शास्त्रात मापनाची अनिश्चितता म्हणतात. शब्द जड आहे, पण ती काढता येते. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती कशी काढावी याची मार्गदर्शिका आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९९३ साली छापली. रासायनिक तपासणीसाठी तिचा खुलासा युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या युराकेम या गटाने १९९५ मध्ये केला. आज मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला आपल्या आकड्याचे मागेपुढे किती हे काढून ठेवावेच लागते. तीच रीत मानवतच्या फाटकात वापरायला काय हरकत आहे?

दहावीतल्या पोराला जवळ बसवा आणि हे गणित द्या. एका गाडीत पाच ठिकाणी सुई लावली. आकडे आले ११.२, १२.४, ११.८, १२.९ आणि ११.७. बेरीज ६०, सरासरी १२. आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढा, त्याचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा. ती १.७४ येते. तिला पाचातून एक वजा करून चाराने भागा आणि वर्गमूळ काढा. आले ०.६६. एका वेळच्या सुईचे मागेपुढे एवढे. आपण पाचांची सरासरी घेतली म्हणून त्याला पाचाच्या वर्गमुळाने भागायचे. राहिले ०.३. म्हणजे एकाऐवजी पाच ठिकाणी पाहिल्याने शंका निम्म्याहून कमी झाली. फुकटात झाली, दोन मिनिटांत झाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. हे झाले कापसाचे आणि हाताचे मागेपुढे. मीटर स्वतःच थोडे वर किंवा खाली बसवलेले असेल तर पाच काय, पन्नास वेळा लावले तरी ते तेवढेच चुकणार. समजा त्याची शंका ०.४ धरली. आता ०.३ आणि ०.४ मिळून किती? ०.७ नव्हे. दोन्ही चुका एकाच दिशेला, एकाच वेळी पुऱ्या जोराने जातील असे सहसा होत नाही. त्यांची बेरीज गवंड्याच्या दोरीसारखी होते. पायाची आखणी करताना गवंडी तीन, चार, पाचाची दोरी धरून काटकोन काढतो ना, तशी. ०.३ आणि ०.४ मिळून ०.५. शंभरातल्या पंचाण्णव वेळा खरे ठरेल असे बोलायचे तर त्याची दुप्पट धरण्याची रीत आहे. म्हणजे एक पूर्ण टक्का. वाचने पाचच असली तर जरा जास्तच, पण ते सोडून देऊ.

तर ग्रेडरने एवढी मेहनत करून 'बारा' म्हटले तरी त्याचा अर्थ अकरा ते तेरा. आणि एकदाच सुई लावून म्हटलेल्या 'तेरा'चा अर्थ त्याहूनही ढिला.

आणखी एक फरक आहे, त्यात तर मीटरचा दोषही नसतो. खरी तपासणी ओव्हनमध्ये होते. कापूस तोलायचा, १०५ अंशांवर वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. जे घटले ते पाणी. परभणीच्या कृषी विद्यापीठात असे ओव्हन आहेत, तिथे हे विशेष काम नाही. समजा १०० किलो कापसात १२ किलो पाणी निघाले आणि ८८ किलो कोरडा माल राहिला. आता पाण्याला पूर्ण वजनाने भागा, १२ टक्के येतात. कोरड्या वजनाने भागा, १३.६ येतात. सूत-कापडाच्या धंद्यात कोरड्या वजनाचा हिशेब जुना आहे. कापसाचा व्यापारी दर ८.५ मानला जातो तो त्याच हिशेबाने. त्यामुळे फाटकातले मीटर कोणत्या हिशेबाने आकडे दाखवते, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. बारा आणि साडेतेरा यांच्यामधे कधी कधी कापसाचा थेंबभरही फरक नसतो, फक्त भागाकार वेगळा असतो.

इथे माझी स्वतःची एक चूक कबूल करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी आकडा म्हणजे वेदवाक्य समजत होतो. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्ताची कमतरता असते. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली गेले की कमतरता, वर असले की पुरेसे, ही रेषा मला पाठ होती. शेजारी शेजारी दोन शेते, एकाच बांधाची. एकाचा अहवाल ०.५८ आला, त्याला मी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट लिहून दिले. दुसऱ्याचा ०.६३, त्याला सांगितले गरज नाही. पहिल्याने उसनवारी करून पोते आणले. विल्यम हॉर्वित्झ या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने अनेक प्रयोगशाळांचे निकाल ताडून १९८० साली दाखवले होते की शोधायचा पदार्थ जितका थोडा, तितके प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांपासून लांब. शेकडा एक असेल तर निकाल साधारण चार टक्क्यांनी हलतात, दहा लाखांत एक भाग असेल तर सोळा टक्क्यांनी. या ठोकताळ्याने ०.६ चे मागेपुढे ०.१ होते. ते एकेरी, दुप्पट धरण्याच्या आधीचे. म्हणजे ०.५८ आणि ०.६३ हे एकच आकडे होते. मी दोघांना एकच सल्ला द्यायला हवा होता: शेताच्या एका पट्ट्यात टाकून बघा, एका पट्ट्यात टाकू नका, आणि पीक काय म्हणते ते पाहा.

आणि ही शंका झाली नमुना प्रयोगशाळेत पोचल्यानंतरची. त्याआधीचे काय? १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. कार्डावर बारा गोष्टींचे आकडे. तिच्या पहिल्या फेऱ्यांत बागायतीला अडीच हेक्टरांत एक नमुना होता आणि कोरडवाहूला दहा हेक्टरांत एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर! त्यात टेकाडाची मुरमाड जमीन आली, ओढ्याकाठची भारी काळी आली, पाच-सहा जणांचे बांध आले, कोणाचा उकिरडा आला. सगळ्यांच्या हातात छापील कार्ड एकच. बागायतदाराच्या मातीला चौपट बारकाईने बघायचे आणि ज्याला एक पोते खत वाया गेले तर सोसत नाही त्या कोरडवाहूला ढोबळमानाने, हा हिशेब कोणी बसवला असेल? असो. आपल्या शेताचा नमुना आपणच घ्यावा. एकसारख्या तुकड्यातून दहा-पंधरा ठिकाणी 'व्ही' आकाराचा खड्डा, वीतभर खोल, बांध, झाड, उकिरडा टाळून. सगळी माती कालवून तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणावी. प्रयोगशाळा कितीही चांगली असो, पिशवीत जे गेले त्याचाच निकाल ती देणार.

आता मुख्य मुद्दा. शंका प्रत्येक आकड्यात असते. पण ती कोणाच्या पदरात घालायची हे कायदा ठरवतो, आणि कायद्याने ते इतरांसाठी ठरवून दिले आहे. १९८५ चा खत नियंत्रण आदेश काढून बघा. युरियात नत्र ४६ टक्के हवे, पण तपासणीत जरासे कमी भरले तर ०.२ ची सूट आहे. तशी सूट निरनिराळ्या खतांना लिहून दिलेली आहे. खताचा नमुना घेतला की त्याचे तीन भाग होतात. एक प्रयोगशाळेला, एक कंपनीला किंवा दुकानदाराला, एक वरच्या अधिकाऱ्याकडे राखून. निकाल मान्य नसेल तर फेरतपासणी मागता येते. युरोपात द्राक्षांतला औषधाचा अंश मोजतात तेव्हा आकड्यातून पन्नास टक्के मागेपुढे वजा करून, मग उरलेला मर्यादेच्या वर जातो का ते पाहतात. गेला तरच माल दोषी.

खत कंपनीला ही सूट का, असे मी म्हणत नाही. ती शास्त्राला धरून आहे. ज्याचा माल नापास होणार त्याला शंकेचा फायदा मिळावा हे बरोबरच आहे. माझे म्हणणे एवढेच की कारखान्यातून निघालेल्या पोत्याला जी सूट मिळते ती उघड्या रानात, दवात आणि पावसात पिकलेल्या कापसाला मिळत नाही. १२.१ म्हणजे परत. नमुन्याचे तीन भाग नाहीत, फेरतपासणी नाही, एका सुईवर निकाल.

खरेदीदार म्हणतील, मग शंकेचा तोटा आम्ही का सोसायचा? त्यांनी आपल्याच वहीत बघावे. जिनिंगमध्ये हंगामात हजारो गाड्या येतात. एखादीला मीटर जास्त दाखवते, एखादीला कमी. हजार गाड्यांत हे वर-खाली एकमेकांना फेडून टाकते, खरेदीदाराचा हिशेब जागेवर येतो. आपल्या माणसाच्या वर्षाला दोन गाड्या, फार तर तीन. त्याचे वर-खाली फिटायला त्याला आयुष्य पुरणार नाही. आणि मीटरच जास्त दाखवणारे बसवलेले असेल तर ते फेडाफेडीने जात नाही. ते प्रत्येक गाडीला एकाच बाजूने, खरेदीदाराच्या बाजूने, कापत राहते. म्हणून मीटर रोज ओव्हनशी किंवा प्रमाण नमुन्याशी ताडून पाहिलेच पाहिजे.

आपल्यातही काही जण आहेत, त्यांच्याबद्दल न बोलणे बरोबर होणार नाही. रात्री गंजीवर पाणी मारून सकाळी गाडी भरणारे. त्यांना वाटते आपण व्यापाऱ्याला फसवले. प्रत्यक्षात त्यांनी शेजाऱ्याचा माल संशयात घातला आणि ग्रेडरला एका सुईत निकाल लावायचे निमित्त दिले. आपण सूट मागायला जाऊ तेव्हा पहिला प्रश्न यांच्यावरूनच विचारला जाईल.

मर्यादा बदलू शकत नाही असे कोणी सांगितले तर मानू नका. सोयाबीनची १२ ची अट नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती १५ वर नेली होती. पण आपण या वेळी आकडा वाढवून मागत नाही. प्रत्येक गाडीत निदान पाच ठिकाणी सुई, पाचही आकडे आणि सरासरी पावतीवर. कटती सरासरीवर. बाराच्या वर एक टक्क्यापर्यंत शंका धरून गाडी परत न पाठवणे. वाद झाला तर तिथल्या तिथे हवाबंद पिशवीत तीन नमुने, मोहर लावून, एक शेतकऱ्याकडे, एक खरेदीदाराकडे, एक विद्यापीठाच्या ओव्हनला. आणि मीटर शेवटचे कधी, कशाशी ताडले याची पाटी फाटकावर. वजनकाट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का बघायला आपण शिकलोच आहोत, तसेच हे.

येत्या जिल्हा बैठकीला गेल्या हंगामातल्या पावत्या घेऊन या. ज्यांची गाडी परत गेली त्यांनी तारीख, आकडा, सुई किती वेळा लावली आणि नंतर तोच माल कुठे, काय भावाने गेला हे एका कागदावर लिहून आणावे. लिहिता येत नसेल तर पोराला बरोबर आणा, टेबलावर कागद-पेन आहे. नवीन हंगामात पहिली वेचणी फाटकात पोचण्याआधी हे कागद बाजार समितीपुढे ठेवायचे आहेत.